‘इतर’ रकान्यातली मुशी

ठाण्याच्या किंवा वाशीच्या मासळी बाजारात ‘मुशी’ म्हणून जो हातभर मासा, म्हणजे लहान शार्क, मिळतो, तो बघून गिऱ्हाईक हमखास म्हणतं, ‘एवढीशी? हे तर मोरीचं पिल्लू दिसतंय.’ बहुतेक वेळा ते मोठ्या शार्कचं पिल्लू नसतं. ती स्कोलिओडॉन लॅटिकॉडस नावाची, किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यातली, मुळातच लहान राहणारी जात. मादी 35 सेंटिमीटरच्या आसपास वयात येते, एका वेताला दहा-बारा पिल्लं सहज देते आणि पिल्लू जन्मतं तेव्हा 12 ते 15 सेंटिमीटरचं असतं. उत्तन, पाली, चौकच्या डोल जाळ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या लागत आली आहे. छोटी, लवकर वाढणारी, पुष्कळ विणारी. लहान मुशीबद्दलचा आपला सगळा अंदाज या एका माशावर बेतलेला आहे, आणि खोल समुद्रातल्या मासेमारीचं धोरण ठरवताना हाच अंदाज दगा देतो.

कारण समुद्राच्या खालच्या मजल्यावर याहूनही लहान मुशी आहे. एरिडॅक्निस रॅडक्लिफी. ह्यू स्मिथ या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने 1913 मध्ये, ‘अल्बाट्रॉस’ या संशोधन जहाजाला फिलिपिन्सजवळ मिळालेल्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. आपल्याकडे ती मन्नारचं आखात, केरळसमोरचा उतार आणि अंदमानच्या समुद्रात सापडते. 70 मीटरपासून साडेसातशे मीटरपर्यंत, चिखलाच्या तळाशी. पूर्ण वाढलेली मुशी 24-25 सेंटिमीटरची, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीपेक्षाही आखूड. जगातल्या सगळ्यात लहान शार्कांत तिची गणना होते. अंग गडद तपकिरी, शेपटी लांब, अरुंद, फितीसारखी आणि तिच्यावर काळसर पट्टे. पण खरं नवल तिच्या पोटात आहे. एका वेताला पिल्लं एक किंवा दोन, आणि प्रत्येक पिल्लू 10-11 सेंटिमीटरचं. आईच्या जवळपास निम्म्या लांबीचं! बाजारातल्या मुशीचं गणित इथे पार उलटं होतं.

मराठीत तिला नाव नाही, कारण आपल्या कोळ्यांचं जाळं तिथवर गेलंच नाही. या लेखापुरतं तिला फितशेपटी मुशी म्हणू.

तिची आठवण आत्ता काढण्याचं कारण सरकारी आहे. 4 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्र सरकारने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नवे नियम अधिसूचित केले. यांत्रिक नौकांना ऑनलाइन प्रवेश पास, सहकारी संस्था आणि मच्छीमार उत्पादक संघांना प्राधान्य, एलईडी दिव्यांची, जोडीने आणि बुल ट्रॉलिंग पद्धतीने होणारी मासेमारी बंद. यातलं बरंचसं चांगलं आहे आणि किनाऱ्यावरच्या संस्थांनी वर्षानुवर्षं मागितलेलंही आहे. पण त्याच धोरणात मोठी माता-नौका आणि तिच्याभोवती लहान नौका अशी रचना आहे: लहान नौकांनी मासळी पकडायची, भर समुद्रात मोठीच्या हवाली करायची. देखरेखीत हे होईल असं म्हटलं आहे. देखरेख कशाची, हा प्रश्न. आमचं म्हणणं एवढंच की, शेल्फच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, काठापलीकडे जाळं टाकण्याच्या परवानगीबरोबर जाळ्याच्या प्रत्येक खेपेची जातवार नोंद सक्तीची हवी, आणि विकल्या न जाणाऱ्या, पाण्यात फेकून दिलेल्या माशांचीही. नोंदवहीत नाव न लिहिता सगळं एकत्र ढकलायचा ‘इतर’ हा रकाना खोल पाण्यापुरता बंद झाला पाहिजे.

आधी भूगोल, कारण ‘खोल समुद्र’ हा शब्द ठाण्यात बसून फार सैल वापरला जातो. मुंबई-ठाण्याच्या पश्चिमेला हा शेल्फ किंवा खंडमंच, म्हणजे समुद्राखालचं उथळ पठार, सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे. कोचीसमोर ते साठेक किलोमीटरवर संपतं. 200 मीटर म्हणजे जवळजवळ 110 वाव पाणी गाठायला उत्तनच्या बोटीला आठ नॉटच्या वेगाने वीस तास सरळ चालावं लागेल, आणि तिथून पुढे 200 मैलांची हद्द उरते ती जेमतेम 70 किलोमीटर. त्यात अरबी समुद्राच्या या भागात साधारण 200 ते 1000 मीटरच्या दरम्यान पाण्यात प्राणवायू अत्यंत कमी आहे. केरळच्या उतारावर 1999 च्या सुमारास खोल पाण्यातल्या लाल कोळंबीची मासेमारी सुरू झाली आणि चालली, म्हणून ती आपल्या समोरही तशीच चालेल हे गृहीत धरणं म्हणजे बाजारात तुरी. इथल्या संस्थांना खोल पाण्यात जायचं तर प्रत्यक्षात दक्षिणेकडे उतरावं लागेल. किंवा माता-नौकेचा आसरा घ्यावा लागेल. डिझेलचा हिशेब केला की दुसराच पर्याय उरतो.

आणि तिथेच घोडं पेंड खातं. आपल्या देशात समुद्रातून किती आणि कुठला मासा निघाला हे मोजण्याची सगळी पद्धत बंदरावर उभी आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक ठरलेल्या दिवशी ठरलेल्या धक्क्यांवर जातात, काही बोटींची मासळी नमुन्यादाखल पाहतात आणि त्यावरून राज्याचा अंदाज काढतात. पद्धत जुनी आणि कसाला उतरलेली आहे. तिची एकच अट आहे: मासा धक्क्यावर आला पाहिजे. भर समुद्रात हस्तांतर झालं की धक्का मधूनच गळतो. मोठ्या नौकेतून खाली येतात ते वर्ग पाडलेले, गोठवलेले ठोकळे.

आत्तासुद्धा ही अट अर्धीच पाळली जाते. आठ-दहा दिवसांच्या सफरीवर गेलेला ट्रॉलर, म्हणजे तळाशी जाळं ओढणारी नौका, पहिल्या दिवसांतला किरकोळ मासा पाण्यात फेकतो, कारण बर्फ आणि खण मोलाच्या मासळीसाठी राखायचा असतो. शेवटच्या एक-दोन दिवसांतला किरकोळ मासा तेवढा फिशमीलच्या कारखान्यासाठी किनाऱ्याला येतो. म्हणजे मोजणाऱ्याला दिसतो तो सफरीचा शेपटाकडचा भाग, आणि परतीच्या वाटेवरचा असल्यामुळे बहुधा उथळ पाण्यातला. फितशेपटी मुशीसारखा मासा पहिल्याच दिवशी, सर्वांत खोल खेपेला येतो आणि फळीवरून फावड्याने खाली जातो. दुर्मीळ की विपुल हा वाद घालायलाही आकडा नाही.

आता सरळ प्रश्न: जिला भाव नाही, जी कुणी खात नाही, त्या वीतभर मुशीची एवढी काळजी कशाला? शिवाय धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही जात ‘फार चिंता नको’ याच वर्गात आहे. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फितशेपटी उद्या नष्ट होते आहे असा आमचा दावा नाही. पण ती ज्या खेपेत येते त्याच खेपेत तिच्या शेजारणी येतात. त्यातल्या सेंट्रोफोरस वंशातल्या, हिरव्या मोठ्या डोळ्यांच्या ‘गल्पर’ मुशा वेगळ्याच परिस्थितीत आहेत. त्यांचं यकृत शरीराच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतकं असू शकतं आणि त्यातल्या तेलात स्क्वालीन भरपूर असतं. सौंदर्यप्रसाधनातलं स्क्वालेन आणि काही लसींतला सहाय्यक घटक यांचा हा एक जुना स्रोत. ऑलिव्ह आणि उसापासूनही तो पदार्थ मिळतो, पण ठाण्याच्या दुकानातली बाटली उचलली तर तो कशापासून काढला हे लेबल बहुधा सांगत नाही. गल्परला बहुधा एक किंवा दोन पिल्लं, तीही दीर्घ गर्भारपणानंतर, आणि वयात यायला अनेक वर्षं. यांतली बुटकी गल्पर, सेंट्रोफोरस अ‍ॅट्रोमार्जिनेटस, लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. ती जेमतेम मीटरभर होते. पिल्लावस्थेत ती आणि इतर छोट्या मुशा एका टोपलीत पडल्या, की नोंदवहीत सगळ्या मिळून दोन अक्षरं: मुशी.

मालदीवचं उदाहरण आपल्या दाराशी आहे. तिथे 1980 च्या सुमारास यकृताच्या तेलासाठी गल्परची मासेमारी सुरू झाली, दोन-तीन वर्षांत शिखराला पोचली आणि मग कोसळली. 2010 मध्ये तिथे सगळ्याच शार्कांच्या मासेमारीवर बंदी आली. 2025 मध्ये सरकारने गल्परपुरती ती पुन्हा उघडण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस समरकंदच्या साइटिस (वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिषदेत गल्पर मुशांना परिशिष्ट 2 मध्ये घेतलं गेलं, म्हणजे निर्यातीआधी ‘या व्यापाराने जातीला धोका नाही’ असा शास्त्रीय दाखला लागणार. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने साइटिसच्या याद्या चौथ्या अनुसूचीत आल्या आहेत. कायदा असा नावानिशी चालतो. धक्क्यावर नाव नसेल तर तो दाखला द्यायचा कशाच्या आधारावर?

आकड्याची किंमत कळायला ऑस्ट्रेलियाकडे बघावं. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यासमोर ‘कपाला’ या संशोधन नौकेने 1976-77 मध्ये उतारावर ट्रॉल ओढून काय मिळतं ते लिहून ठेवलं. वीस वर्षांनी, 1996-97 मध्ये, त्याच जागी तशाच जाळ्याने पुन्हा ओढलं. गल्पर मुशांचं प्रमाण 99 टक्क्यांहून अधिक घटलेलं निघालं. हा आकडा जगभर सांगितला जातो तो घट मोठी म्हणून. आमच्या मते त्यातली महत्त्वाची गोष्ट पहिली नोंद आहे. व्यावसायिक ट्रॉलिंग तिथे पुरतं रुळण्याआधीच कुणीतरी वही उघडली होती. आपण आज त्याच टप्प्यावर आहोत आणि परवान्याचा अर्ज मात्र वहीआधी छापून तयार आहे.

‘तांडेलाला आता लॅटिन नावं शिकवणार का?’ असा टोमणा येतो, आणि तो अगदीच गैरलागू नाही. पण बोटीवर लॅटिन लागत नाही. तीन गोष्टी पाहिल्या की खोल पाण्यातल्या लहान मुशांचे गट पडतात. पहिली: शेपटीच्या आधी, पोटाच्या रेषेत, गुदपर आहे का? नसेल तर ती गल्पर किंवा तिच्या नात्यातली. दुसरी: पाठीवरच्या दोन्ही परांपुढे काटा आहे का? बोट मागून पुढे फिरवलं की टोचतो. गुदपर नाही, काटे आहेत, आणि छातीच्या पराचा आतला कोपरा मागे टोकदार ओढलेला आहे, तर सेंट्रोफोरस. काटे आहेत पण मासा लहान, काळा, पोटाची बाजू आणखी गडद, तर दिवट्या मुशांपैकी, म्हणजे एटमोप्टेरस. तिसरी गोष्ट गुदपर असलेल्यांसाठी: पाठीवरचा पहिला पर नेमका कुठे बसला आहे? छातीचा पर आणि पोटाचा पर यांच्या मधल्या जागेवर असेल आणि शेपटी पट्टेदार फीत असेल, तर फितशेपटी. पहिला पर मागे सरकून पोटाच्या परांवर आला असेल, तर बहुधा बायथेल्युरस हिस्पिडस, आल्कॉकने 1891 मध्ये अंदमानच्या समुद्रातून वर्णन केलेली खरखरीत मांजरमुशी. पापलेट आणि हलवा अंधारात हाताने ओळखणाऱ्या माणसाला हे शिकायला एक दुपार पुरते.

चुका होतात त्या दुसरीकडे. खलाशी काटे मोडून टाकतात, कारण ते जाळ्यात अडकतात आणि हाताला लागतात. मग काट्याची खूण गेली. यकृत काढून धड फेकलं तर उरलं फक्त तेल. ठोकळ्यात गोठलेल्या मुशीची शेपटी मोडते, रंग करडा होतो, पट्टे पुसले जातात; म्हणून फोटो खोल्यातून, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीतून, काढल्याबरोबर, एका कुशीवर, खाली फूटपट्टी ठेवून, आणि एक पोटाकडून. पिल्लांची गणती तर सर्वांत फसवी. मुशीच्या पुष्कळ जातींत पकडली गेलेली गाभण मादी ताणाखाली पिल्लं बाहेर टाकते. फळीवर मादीचं पोट रिकामं दिसतं आणि दहा सेंटिमीटरचं पिल्लू दुसऱ्या टोपलीत ‘लहान मासा’ म्हणून जातं. आईसोबत पिल्लू दिसलं तर दोघांना एकाच पिशवीत ठेवायचं, एवढा साधा नियम पाळला तरी बरंच वाचतं.

संपूर्ण खेप मोजा असं कुणी म्हणत नाही. दिवसातल्या एका खेपेतून, मासळी निवडायला बसण्याआधी, दहा किलोची एक टोपली जशीच्या तशी उचलायची. ‘आधी’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. निवड झाल्यावर उचललेल्या टोपलीत कोळंबी नसते आणि मुशीचं प्रमाण दामदुप्पट दिसतं. खेप रोज एकाच वेळेची नको, कारण रात्री काही मासे तळ सोडून वर येतात. टोपली पिशवीत भरून गोठवायची आणि आत चिठ्ठी: तारीख, जाळं टाकतानाचं आणि उचलतानाचं ठिकाण, दोन्ही वेळची खोली. दोन्ही, कारण अडीच नॉटने तीन तास ओढलेलं जाळं जवळजवळ 14 किलोमीटर जातं आणि उतारावर तेवढ्यात तळ शंभर मीटरने बदलू शकतो. चिठ्ठी ट्रेसिंग पेपरवर, पेन्सिलीने. बॉलपेनची शाई वितळणाऱ्या बर्फात पसरते, आणि पिशवीबाहेर चिकटवलेलं लेबल शीतगृहात हटकून गळून पडतं. शंका असलेल्या माशाचा पराचा नखाएवढा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये नाही, त्यात डीएनए खराब होतो. अख्खा नमुना ठेवायचा असेल तर फॉर्मॅलिन चालतं, पण पोटाला चीर द्यावी लागते, नाहीतर ते आतपर्यंत मुरत नाही आणि मुशी आतून सडते. मग तुकडा आधी, फॉर्मॅलिन नंतर.

‘जिवंत सोडून द्या’ हा दुसरा उपाय सुचवला जातो. गळाच्या दोरीवर आलेल्या मोठ्या शार्कच्या बाबतीत तो विचार करण्यासारखा आहे. ट्रॉलमधल्या वीतभर मुशीच्या बाबतीत तो मनाचं समाधान आहे. शार्कला हवेची पिशवी नसते, त्यामुळे वर येताना ती फुगून फुटत नाही हे खरं. पण टनभर चिखल-माशांखाली तीन तास चिरडून, थंड पाण्यातून 28 अंशांच्या पाण्यात आल्यावर तिच्यात काही उरत नाही. म्हणून नोंद ही सुटकेची पायरी म्हणून नव्हे, तर कुठल्या खोलीला आणि कुठल्या पट्ट्यात जाळं टाकूच नये हे ठरवण्यासाठी हवी.

या सगळ्यात नवी मुंबईचा वाटा बोटींपेक्षा कागदांत जास्त आहे. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी प्रक्रिया आणि शीतगृहं आहेत, पलीकडे न्हावा-शेवा बंदर. युरोपला जाणाऱ्या म्हाकूल-कोळंबीच्या पेटीबरोबर 2010 पासून पकड-प्रमाणपत्र जोडावं लागतं: बोटीचा क्रमांक, जात, वजन, क्षेत्र. युरोपीय गिऱ्हाइकाने मागितलं तेव्हा हे होऊ शकलं आणि कुणाचा धंदा बुडाला नाही. म्हणजे जातवार नोंद अशक्य आहे हा युक्तिवाद आपल्याच निर्यातदारांनी पंधरा वर्षांपूर्वी निकालात काढला आहे. फरक इतकाच की ती नोंद विकलेल्या माशाची आहे. माता-नौकेवरून ठोकळे उतरवून घेणाऱ्या शीतगृहाने त्याच कागदाला जोडून नमुन्याच्या पिशव्या ताब्यात घ्यायच्या, पोचपावती द्यायची आणि संशोधन संस्थेचा माणूस येईपर्यंत त्या वजा 18 अंशांत ठेवायच्या. पावती नाही तर पुढच्या हंगामाचा पास नाही. दंडापेक्षा हे जास्त चालेल, कारण दंड बसवायला माणूस समुद्रात पाठवावा लागतो, तर पासाचं नूतनीकरण कार्यालयात बसून अडवता येतं.

राज्याचा हात इथे तोकडा आहे हेही सांगायला हवं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा 12 सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे 22 किलोमीटरचा. 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी किमान आकार ठरवले, ते चांगलं पाऊल होतं. पण त्या बाजारात मागणी असलेल्या जाती. आणि किमान आकाराचा नियम फितशेपटीसारखीला लावणार कसा? पूर्ण वाढूनही जी बाजारातल्या मुशीच्या नवजात पिल्लाच्या जेमतेम दुप्पट भरते, तिच्या बाबतीत सेंटिमीटरवरून काहीच कळत नाही. म्हणून ही अट केंद्राच्या प्रवेश पासातच घालावी लागेल, आणि ती घाला असं ठाणे-पालघर-रायगडच्या सहकारी संस्थांनीच आधी म्हणणं त्यांच्या फायद्याचं आहे. उद्या खोल पाण्यातल्या एखाद्या पट्ट्यात मासेमारी बंद करायची वेळ आली, तर नोंद नसलेल्या समुद्रात सरकार सरसकट बंदी घालतं. नोंद असेल तर तेवढाच पट्टा.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. 61 दिवस. पेन्सिली, ट्रेसिंग पेपर, पिशव्या आणि वर सांगितलेल्या तीन खुणांचं प्लास्टिकमध्ये मढवलेलं एक पान, हे सगळं तेवढ्या वेळात प्रत्येक पासधारक नौकेवर पोचवता येतं.